फुलांच्या रविवारची पाहुणी

१

तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं नाव तुम्ही कधी विसरला आहात का?

ऐन वेळी नाव जिभेवर न येणं, ते मी म्हणत नाही. ते सगळ्यांचंच होतं. बाजारात कोणी भेटतं, आपण दहा मिनिटं गप्पा मारतो आणि घरी पोचल्यावर आठवतं, अरे, हिचं नाव अमुक. मी विचारतेय ते वेगळं. जिच्या लग्नात तुम्ही चपला तुटेपर्यंत नाचलात, जिच्या नवऱ्याच्या मयताला तिचा दंड धरून उभ्या राहिलात, तिचं नाव. तेही समोर लिहिलेलं असताना.

मी नेवेना. डोब्रिच शहरातल्या एका बालवाडीत स्वयंपाक करते. इग्लिका माझी शाळेपासूनची मैत्रीण, बेकरीत कामाला आहे. तोंड इतकं चालतं की पीठ मळायला हात लागतच नसतील असं आम्ही तिला म्हणतो. आणि ताई. ताई आमच्याहून सहा वर्षांनी मोठी, आयुष्यभर शिवणकाम केलेली. आम्ही तिच्या नावाला ताई जोडून हाक मारायचो. इथे मी नुसतं ताई लिहिते. का, ते पुढे कळेल.

आम्हा तिघींचीही नावं फुलांची आहेत. त्यामुळे तिघींचा नावाचा दिवस एकच, ईस्टरच्या आधीचा फुलांचा रविवार. आमच्याकडे वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसाचं कौतुक जास्त. वाढदिवसाला लोकांना बोलवावं लागतं. नावाच्या दिवशी कोणालाही बोलवत नाहीत. येणारा आपणहून येतो. आलेल्याला तुम्ही कोण, कोणाकडून आलात, असं विचारायचं नसतं. बसवायचं, वाढायचं, आणि मागेल ते पुढे करायचं.

गेली सतरा वर्षं आम्ही त्या दिवशी बाल्चिकला समुद्रावरच्या मोठ्या बागेत जातो. प्रत्येकीने आपापल्या फुलाशी उभं राहायचं आणि बाकीच्या दोघींनी तीनदा मोठ्याने तिच्या नावाने हाक मारायची. ही टूम इग्लिकाची. "झाडाला कळू दे, कोणामुळे त्याला नाव आहे ते!" असं ती म्हणते. आजूबाजूचे लोक वळून बघतात. आम्हाला तेच तर हवं असतं.

या वर्षीचा रविवार शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने ताई स्पेनला मुलीकडे निघणार होती, कायमची. मुलगी रालित्सा वालेन्सियाला असते. तिला मुलगी झाली होती, एकोणीस दिवसांची. ताईने घर भाड्याने दिलं होतं, कोंबड्या शेजारणीला दिल्या होत्या. मला ती जायला नको होती. पण नातीकडे निघालेल्या बाईला हे कसं सांगायचं? म्हणून मी भेटेल त्याला सांगत होते, "किती छान झालं ना!"

२

दिवस असा उजाडला की काय सांगू! चर्चमधून आशीर्वादाच्या, विलोच्या झाडाच्या फांद्या घेतल्या, बसमध्ये बसूनच त्यांची कडी वळली आणि डोक्यावर घातली. तीन प्रौढ बायका, डोक्यावर हिरवी कडी, मांडीवर तळलेल्या माशांचा डबा. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात त्या रविवारी मासे चालतात, म्हणून मी पहाटेच उठून तळले होते.

"नेवेना, झाकण लाव गं," इग्लिका म्हणाली. "ड्रायव्हर वासाने बस रस्त्याकडेला घेईल."

"घेऊ दे. त्यालाही वाढेन."

"बघ ताई, तू गेल्यावर ही ड्रायव्हरला जेवू घालणार. तुझी जागा लगेच भरणार बघ!"

ताई पोट धरून हसली. तिच्या मांडीवर लोकरीच्या छोट्या मोज्यांची पिशवी होती. बसमध्ये, रांगेत, बाकावर, सतत विणत होती. नातीच्या पायाचं माप फोनवर दोऱ्याने घ्यायला लावलं होतं तिने.

बागेत ट्यूलिप फुलले होते. लाल, पिवळे, जवळपास काळे सुद्धा. पायऱ्यापायऱ्यांनी बाग खाली समुद्रापर्यंत उतरते, आणि प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा आवाज वेगळा येतो. इग्लिकाचं फूल सगळ्यात आधी, भिंतीच्या सावलीत, जमिनीला चिकटलेलं, पिवळं. आम्ही तीनदा ओरडलो. एका जर्मन म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि इग्लिकाने त्याला वाकून नमस्कार केला. मग माझं. झेंडूच्या जातीचं केशरी फूल, अजून नीट उमललेलं नव्हतं. त्यालाही हाका झाल्या.

ताईचं झुडूप सगळ्यात वरच्या टप्प्यावर. ते आम्ही जेवणानंतर ठेवलं. ताईची डावी टाच दोन वर्षांपूर्वी मोडली होती, तेव्हापासून ती पाय किंचित ओढत चालते. आधी बसू या, असं ठरलं.

३

मॅग्नोलियाखाली दगडी बाक आणि दगडी मेज आहे. आम्ही रुमाल अंथरला, ब्रेड कापला, ऑलिव्ह, भाजलेल्या मिरच्या, मासे मांडले. इग्लिकाच्या नवऱ्याने घरी काढलेली द्राक्षांची दारू छोट्या पेल्यांत ओतली. मी मान वर केली तर मेजाच्या टोकाशी एक बाई उभी होती.

आमच्याच वयाची. राखाडी कोट, डोक्यावर विलोचं कडं. चेहरा चांगला होता, हसरा. मी तो नंतर कितीदा आठवायला बघितला. हसरा होता यापलीकडे काही हाती लागत नाही.

"नावाच्या शुभेच्छा," ती म्हणाली. "निरोगी राहा, आणि तुमचं नाव लांबवर ऐकू येवो."

"तुम्हालाही! बसा ना!" आम्ही तिघी एकदमच म्हणालो. मी सरकून जागा दिली. मला वाटलं, ही इग्लिकाच्या बेकरीतली कोणी असेल. इग्लिकाला ती ताईच्या ओळखीची वाटली, हे तिने नंतर सांगितलं. ताईला वाटलं, माझ्या बालवाडीतल्या एखाद्या मुलाची आजी.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. त्या मेजाभोवती सगळीकडे खडी पसरलेली आहे. मांजर आलं तरी करकर वाजते. ही बाई येताना मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, तीन बायका एकदम बोलत असताना तुला कसलं ऐकू येणार?

ती जेवली. भूक लागलेल्या माणसासारखी, सावकाश, सगळं. आमच्या तिघींच्या ताटल्यांत माशांचे काटे साठत होते. तिच्या ताटलीत एकही काटा नव्हता.

"मासे फार चविष्ट झालेत," ती मला म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे, नेवेना."

मी खूश झाले. नाव मी सांगितलं होतं का, हा विचार मला बराच उशिरा आला. आणि तेव्हाही मी म्हटलं, आत्ताच तर आम्ही बागभर ओरडत होतो.

४

"तुमचं फूल कुठलं?" इग्लिकाने विचारलं. "चला, तुमच्याही नावाने ओरडू. आज आमचे गळे तापलेत."

"माझं अजून काही नाही," बाई म्हणाली.

"अजून नाही? मग आज इथे कशाला आलात, मासे खायला?"

"इग्लिका!" ताईने तिला कोपर मारलं.

बाई मात्र हसली. "नाव घ्यायलाच आले. दिलं कोणी तर."

इग्लिकाला हे भलतंच आवडलं. तिने पेला उचलला. "घ्या की मग! पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. माझं मात्र नाही मिळणार, ते सगळ्या उधारीच्या वह्यांत लिहिलेलंय, लोक मलाच शोधत येतील. नेवेना, तुझं देतेस?"

"माझं मला लागतं," मी म्हणाले. "पोरं मग जेवायला कोणाला हाका मारतील?"

"ताई?"

ताईने विणायच्या सुया खाली ठेवल्या. दारूने आणि उन्हाने तिचे गाल लाल झाले होते, आणि इतकी सुखी मी तिला नवरा गेल्यापासून पाहिली नव्हती. "माझं घ्या," ती म्हणाली. "खरंच घ्या. उद्यापासून मला या नावाने हाक मारायला आहे कोण? नात आजी म्हणेल, मुलगी आई म्हणते, आणि तिकडच्या लोकांच्या तोंडात ते नाव बसायचंसुद्धा नाही. उगाच वाया जाईल."

"दिलं?" बाईने विचारलं.

हे विचारताना ती ताईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला आत कुठेतरी वाटलं की म्हणावं, नाही हो, गंमत चाललीय. एवढंच म्हणायचं होतं. पण असं बोलले असते तर सगळ्यांच्या मजेवर पाणी पडलं असतं, आणि दारात आलेल्या माणसाला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. मी हसले.

"दिलं हो, दिलं!" ताई म्हणाली आणि तिने आपला पेला बाईच्या पेल्याला लावला.

बाई उठली. रुमालावरचे ब्रेडचे कण तिने नीट तळहातात गोळा केले, तोंडात टाकले, आमचे आभार मानले आणि पायऱ्यांकडे निघाली. खडी करकरली. एक पाऊल स्वच्छ, दुसरं किंचित ओढलेलं.

५

"चला, आता ताईची पाळी!" इग्लिका ओरडली, आणि आम्ही डबे आवरून वर निघालो. मन अजूनही उडत होतं. वरून समुद्र असा दिसत होता की कोणीतरी निळं कापड धुऊन पसरलंय. ताईचं झुडूप कळ्यांनी भरलं होतं. ताई त्याच्या शेजारी उभी राहिली, कडं सारखं केलं, पदकं मिळणार असल्यासारखी छाती पुढे काढली.

"एक, दोन, तीन!" इग्लिका म्हणाली.

आम्ही दोघींनी तोंड उघडलं.

मी सांगते ते खरं माना. तोंड उघडं होतं, श्वास घेतलेला होता, आणि त्यापुढे काही नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मी इग्लिकाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

"तू म्हण," ती म्हणाली.

"तू आधी."

"अगं, ही काय थट्टा?" ताई हसत म्हणाली. "दोघींना चढली वाटतं!"

इग्लिका हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नवऱ्याची दारू ओतून देते मी घरी गेल्यावर. नाव विसरायला लावते म्हणजे काय! थांबा, पाटी वाचू."

झुडपापुढे पत्र्याची पाटी होती, प्रत्येक झाडापुढे असते तशी. वर लॅटिन नाव, खाली आमच्या भाषेतलं, त्याखाली झाड मूळचं कुठलं ते. मी खाली वाकले. मधली ओळ वाचली. अक्षरं स्वच्छ होती, एकही पुसलेलं नव्हतं. वाचून झाल्यावर मी तोंड वर केलं आणि ओळ गेलेली होती. पाटीवरून नाही हो, माझ्या डोक्यातून. मी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला गेले. वरची लॅटिन ओळ वाचली, खालची वाचली. मधल्या ओळीवर बोट फिरत राहिलं आणि माझा मलाच आवाज आला नाही.

मी स्वतःला समजावत होते. ऊन लागलंय. पहाटे चारला उठलीस. बावन्न वय झालंय, आता असं व्हायचंच. पण दोघींना एकाच वेळी? एकच नाव?

"वेडपट आहात तुम्ही," ताई म्हणाली. "माझं नाव..."

आणि ती थांबली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागे कोणी नव्हतं. तिने हातातली पिशवी उघडली, ओळखपत्र काढलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. परत ठेवलं. परत काढलं.

"काय गं लिहिलंय?" तिने मला हळूच विचारलं.

तेवढ्यात खालच्या टप्प्यावरून कोणीतरी हाक मारली. चारपाच जणांचं कुटुंब होतं, डोक्यावर कडी घातलेलं, आनंदात. ते तीनदा एकसुरात ओरडले, एकच नाव. कानावर पडताक्षणी मला ते ओळखीचं वाटलं, स्वतःच्या घराच्या दारासारखं, आणि लगेच ते गेलं. झाडांमागून एक बायकी आवाज म्हणाला, "आले, आले!"

ताईने मानही वळवली नव्हती.

मी कठड्यावरून वाकून बघितलं. राखाडी कोटाची पाठ वळणावर दिसेनाशी होत होती, डावा पाय किंचित ओढत. ते लोक तिच्याकडे हात पसरून धावले.

६

परतीच्या बसमध्ये उन्हं अजून खिडकीत होती. इग्लिका अखंड बोलत होती, बेकरीतले किस्से, जर्मन म्हातारा, काहीही. मध्येच ती थांबायची आणि मला तिचे ओठ हलताना दिसायचे. ती आठवत होती.

"असं करू," ती अचानक म्हणाली. "मी उद्यापर्यंत झोप काढते, सगळं जागेवर येईल. ताई, तू निघताना मी बेकरीत असेन गं. पहाटेची पाळी आहे. आत्ताच गळ्यात पड." आणि बसमध्येच रडू लागली. नेहमी ती हसवते, म्हणून ते जास्त भीतिदायक वाटलं.

ताईने फोन लावला. पलीकडे रालित्सा. ताईचा चेहरा उजळला. तिने आवाज मोठा केला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून.

"आई, अगं परत काय झालं?" रालित्सा म्हणाली. "काही राहिलं का सांगायचं?"

"परत? आज मी पहिल्यांदाच बोलतेय ना तुझ्याशी."

"गंमत करतेस का? पाच मिनिटं झाली नाहीत. बाळाला गाणंसुद्धा म्हणून दाखवलंस. आवाज किती छान येत होता तुझा, आई. एकदम तरुण." मागे बाळ कुरकुरत होतं. "बरं ऐक, तू म्हणालीस तसं मी करते. स्टँडवर पोचले की तुला नावाने हाक मारते, आई म्हणून नाही. म्हणजे गर्दीत चुकामूक नको."

ताईने फोन मांडीवर ठेवला. मोज्यांच्या पिशवीवर. ती खिडकीबाहेर राईची शेतं बघू लागली.

"नेवेना," ती म्हणाली, "मी गेले नाही तर?"

मला काय झालं ते मी लपवणार नाही. मला भीती वाटत होती. आणि त्याच क्षणी, त्या भीतीच्या अगदी शेजारी, मला आनंद झाला.

"असं कसं," मी म्हणाले. "नात वाट बघतेय. उद्या मी येते तुझ्याबरोबर स्टँडवर. तिकीट तुझं, सीट तुझी. कोण अडवतंय?"

७

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आम्ही स्टँडवर होतो. स्पेनची बस उभी होती, इंजिन चालू. पंधरावीस लोक, तेवढ्याच सुटकेस, रडणाऱ्या आया. ड्रायव्हरच्या हातात यादी होती. तो नाव वाचायचा, माणूस हो म्हणायचा, सामान आत जायचं.

ताई माझ्या डावीकडे उभी होती, सुटकेसच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. ती लक्ष देऊन ऐकत होती. रात्रभर मी तिला शिकवल्यासारखं सांगितलं होतं, की नाव वाचलं की फक्त हो म्हणायचं, आठवायची गरज नाही. ड्रायव्हर यादीत खाली खाली येत होता.

मग त्याने तिचं नाव वाचलं.

मी ते ऐकलं, आणि या वेळी ते गेलं नाही. पाचपर्यंत मोजता येईल इतका वेळ ते माझ्या तोंडात होतं, पूर्ण, तिच्या लग्नात पुकारलेलं, माझ्या आईने दारातून हाक मारलेलं. ताई शांतपणे पुढच्या नावाची वाट बघत होती. ओरडायचीही गरज नव्हती. नुसतं कोपर मारलं असतं तरी पुरलं असतं. तुझंच आहे गं, जा, एवढंच.

आमच्या मागे गर्दीतून कोणीतरी "हो" म्हणालं. एक पाऊल स्वच्छ वाजलं, एक ओढलेलं. राखाडी बाही माझ्या खांद्याला घासून गेली. मी कोपर मारलं नाही, समोर बघत राहिले.

सहा वाजून दहा मिनिटांनी बस सुटली. तिच्या सीटवर कोणीतरी बसलेलं होतं, आणि ताई माझ्याशेजारी फलाटावर उभी होती.